वेताळाने शिकविलेला नमस्कार

वेताळपंचविशी ही काही पारायणाची पोथी नव्हे. ती कोणी चातुर्मासात लावीत नाही, की तिच्यापुढे कोणी नारळ फोडीत नाही. लहानपणी आजीच्या तोंडून ऐकायची, अक्षरे लावता येऊ लागली की 'चांदोबा' मासिकात बघायची (हातात तलवार, खांद्यावर प्रेत आणि चेहरा मात्र शांत, असा तो राजा), आणि मिसरूड फुटले की विसरून जायची, अशी ती गोष्ट. तरीदेखील आज तिचाच विचार करायचा आहे, आणि तो साधकाच्या अंगाने करायचा आहे. नमस्कार कोणाला घालावा आणि कोणापुढे घालू नये, याचा एक पाठ या गोष्टीत आहे. तो पाठ वारकऱ्याला आज फार जरुरीचा झाला आहे.

कोणी म्हणेल, बुवा, वैष्णवांच्या घरी भुताखेतांचे काय काम? तर वाचकहो, तुकोबारायांनी प्रत्यक्ष पंढरीच्या देवालाच भूत म्हटले आहे, आणि नाथमहाराजांच्या भारुडांत विंचू येतो, जोशी येतो, भूतही येते, आणि जो तो परमार्थ सांगून जातो. तेव्हा वेताळाला दारातून हाकलण्याचे कारण नाही. शिवाय हा वेताळ परका नाही. तो आपल्या पैठणचा आहे!

ते कसे? आपण 'विक्रम-वेताळ' म्हणतो आणि उज्जैनीचा विक्रमादित्य डोळ्यापुढे आणतो. पण सोमदेवाच्या कथासरित्सागरात, जिथे ही कथा संस्कृतात फार नीटस मांडलेली आहे, तिथे राजाचे नाव त्रिविक्रमसेन, आणि त्याचे नगर गोदावरीच्या तीरावरचे प्रतिष्ठान. प्रतिष्ठान म्हणजेच पैठण. हा सोमदेव काश्मिरी पंडित. अनंत राजाची राणी सूर्यवती हिच्या चित्ताला विसावा मिळावा म्हणून त्याने अकराव्या शतकात, साधारणपणे १०६३ ते १०८१ या काळात, एकवीस हजारांवर श्लोकांचा हा ग्रंथ रचला. त्याचे मूळ गुणाढ्याची पैशाची भाषेतली बृहत्कथा. आणि गुणाढ्याला परंपरा सातवाहन राजाच्या दरबारी, म्हणजे पुन्हा पैठणलाच, नेऊन बसवते. काश्मीरच्या राणीचे मन रमावे म्हणून पंडिताने गोदाकाठची गोष्ट सांगितली. ग्रंथाच्या बाराव्या लंबकात, ७५ ते ९९ या तरंगांत, वेताळाचे हे सारे प्रकरण आले आहे. मराठीत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी 'वेताळपंचविशी' आणली, ती हिंदीच्या वाटेने आलेली. म्हणून आपल्याकडे उज्जैन आणि विक्रम हे रूढ झाले. असो.

आता कथा. सर्वांना ठाऊक आहे, पण अर्धीमुर्धी ठाऊक आहे, म्हणून नीट ऐका.

क्षान्तिशील नावाचा एक भिक्षू रोज दरबारात येई आणि राजाच्या हाती एक फळ ठेवून निघून जाई. मागणे नाही, बोलणे नाही. राजा ते फळ घेई आणि शेजारच्या कोषाध्यक्षाकडे देई. अशी दहा वर्षे गेली! दहा वर्षे रोज एक फळ! एके दिवशी रखवालदाराच्या हातून सुटलेले एक पाळीव माकड तिथे आले. राजाने ते फळ सहज त्याच्यापुढे धरले. माकडाने फळ फोडले, आणि आतून अमोल रत्न बाहेर पडले. कोषाध्यक्षाला विचारले तर तो म्हणाला, महाराज, मी ती फळे खिडकीतून भांडारात टाकीत गेलो, उघडून कधी पाहिली नाहीत. दार उघडून पाहिले तो फळे केव्हाच सडून गेलेली, आणि जमिनीवर रत्नांची रास.

राजाने भिक्षूला विचारले, एवढ्या मोलाची सेवा कशासाठी? तो म्हणाला, मला एक मंत्र सिद्ध करायचा आहे, त्याला एका वीराचे साहाय्य पाहिजे. राजाने शब्द दिला. वद्य चतुर्दशीच्या रात्री राजा काळे वस्त्र पांघरून, तलवार घेऊन एकटा स्मशानात गेला. भिक्षू वडाखाली मंडल मांडून बसला होता. म्हणाला, इथून दक्षिणेकडे जा. एक शिंशपेचे झाड आहे, त्यावर एक प्रेत लटकते आहे, ते घेऊन ये.

राजा गेला. दोर कापला. प्रेत खाली पडले आणि दुखावल्यासारखे ओरडले. इथे राजाने काय केले बघा. त्याला वाटले, हा जिवंत आहे की काय! तो झाडावरून उतरला आणि कळवळून त्याचे अंग चोळू लागला. तेव्हा प्रेत खदखदून हसले. राजाने जाणले, यात वेताळ शिरला आहे. "का हसतोस?" असे तो विचारतो न विचारतो तोच प्रेत जागेवरून नाहीसे, आणि पुन्हा झाडावर. राजा पुन्हा चढला, ते काढले, खांद्यावर घेतले आणि मुकाट्याने चालू लागला. मग वेताळ म्हणाला, वाट सरावी म्हणून गोष्ट सांगतो. गोष्टीच्या शेवटी प्रश्न. अट अशी की उत्तर ठाऊक असून बोलला नाहीस तर मस्तकाची शकले होतील. राजा बोलला की मौन सुटले, वेताळ परत झाडावर. अशी फेरी चालली.

या कथेकडे आपण करमणूक म्हणून पाहत होतो, तेव्हा दूर जर्मनीत एका पंडिताला तिच्यात मनुष्याच्या अंतःकरणाचा प्रवास दिसला. हाइनरिख झिमर हे त्याचे नाव, जन्म १८९०. हायडेलबर्गच्या विद्यापीठात तो हिंदुस्थानची विद्या शिकवी. संस्कृतात मुरलेला हा माणूस, पण हिंदुस्थानची भूमी त्याला कधी पाहायला मिळाली नाही. पत्नी ज्यू वंशाची होती म्हणून १९३८ साली नाझी राजवटीने त्याला अध्यापनातून काढले. तो इंग्लंडात गेला, तिथून अमेरिकेत, आणि १९४३ साली न्युमोनियाने वारला. त्याचे टिपण, व्याख्याने जोसेफ कॅम्पबेल याने जुळवून छापली. त्यांतले 'राजा आणि प्रेत' या अर्थाच्या नावाचे पुस्तक १९४८ साली निघाले. पुढल्याच वर्षी, १९४९ साली, कॅम्पबेलचे स्वतःचे पुस्तक आले. त्यात त्याने जगभरच्या वीरकथांतून एकच वाट दाखवली: वीर घर सोडतो, उंबरठा ओलांडतो, काळोखात कसोटीला लागतो, आणि काही मिळवून माघारी येतो.

झिमरचा स्नेही स्वित्झर्लंडचा मनोवैद्य कार्ल युंग (१८७५–१९६१). हा १९३७-३८ साली हिंदुस्थानात येऊन गेला. याचे म्हणणे थोडक्यात असे. मनुष्याच्या मनात जाणिवेखाली नेणिवेचा एक थर आहे, आणि तो एकट्यादुकट्याचा नसून सगळ्या मानवजातीचा सामाईक आहे. त्या थरात काही साचे आहेत. वीर, माता, वृद्ध ज्ञानी, कपटी मांत्रिक हे जे देशोदेशीच्या कथांत पुन्हा पुन्हा भेटतात, ते त्या साच्यांतून आलेले. त्यांना मराठीत आपले विद्वान 'आदिबंध' म्हणतात. त्यांतला एक म्हणजे 'छाया'. आपल्यातले जे आपल्यालाच नको असते, जे आपण नाकारतो, ते जाऊन मनाच्या काळोखात बसते, आणि एक दिवस समोर उभे राहते. जाणीव-नेणीव हे शब्द वारकऱ्याला नवे नाहीत, हरिपाठात ते रोज तोंडी येतात. पण हा वैद्य म्हणतो ती नेणीव आणि संतांची नेणीव एकच आहे असे मात्र कोणी समजू नये. त्याचा हिशेब पुढे करू.

प्रथम फळांचे पाहू. झिमरने इथे नेमके बोट ठेवले आहे. राजाचा अपराध कोणता? त्याने चोरी केली नाही, कोणाला पीडा दिली नाही. त्याने रोज जे हाती आले ते न उघडता पुढे सरकवले, इतकेच. आयुष्य रोज काही तरी आपल्या हातात ठेवून जाते. आपण ते साधे फळ समजून भांडारात टाकतो. फळ सडते, रत्न सडत नाही. मात्र न उघडता ठेवलेल्या गोष्टीचे ऋण होते, आणि ते फेडायला मध्यरात्री स्मशानात जावे लागते. तिथे फळाच्या ऐवजी खांद्यावर प्रेत येते.

हे मी एकदा कीर्तनात सांगितले. कीर्तन आटोपल्यावर एक बाई आल्या. पाया पडल्या आणि तशाच खाली बसून राहिल्या. म्हणाल्या, "बुवा, पोरगा जाऊन दोन वर्षं झाली. त्याच्या खोलीचं दार मी अजून उघडलेलं नाही. तुम्ही म्हणता ते प्रेत उचलायचं, म्हणजे मी नेमकं काय करायचं?" त्या माउलीला मी युंग सांगितला नाही, आणि आत्म्याचे अमरत्वही सांगितले नाही. म्हटले, "आई, तुमच्याकडे संध्याकाळी हरिपाठ होतो ना? तो होईतो ते दार उघडं ठेवा. आत जायची घाई नको. हरिपाठ झाला की लावून घ्या." पुढे काय झाले ते त्यांचे त्यांना ठाऊक. पण इतके मी जाणतो, की राजाने पहिल्या खेपेला प्रेताचे अंग चोळले, तेव्हा त्याला कोणी तत्त्व सांगितले नव्हते. ते ओरडले, आणि याला कळवळा आला, एवढेच.

या ठिकाणी जेम्स हिलमन (१९२६–२०११) याची आठवण होते. आदिबंधांच्या विचाराची त्याने पुढे स्वतंत्र शाखा काढली. त्याचा आग्रह असा की मनात उभे राहिलेले चित्र घाईने तत्त्वात विरघळवू नका, चित्रापाशी थांबा. आता हे आम्हा कीर्तनकारांना लागू पडते की नाही बघा! आमच्या हाती कथा आली रे आली, की प्रेत म्हणजे देह, झाड म्हणजे संसार, वेताळ म्हणजे जीव, तलवार म्हणजे विवेक, अशी आम्ही लगेच वाटणी करतो, आणि श्रोता मान डोलावून घरी जातो. प्रेताचा भार मात्र कोणाच्याच खांद्यावर पडत नाही. म्हणून या लेखात प्रेताला मी प्रेतच म्हणतो. ते जड आहे, त्याला वास येतो, आणि ते बोलते.

आता फेऱ्या. चोवीस वेळा वेताळ प्रश्न विचारतो. त्यातल्या तेवीस वेळा राजा अचूक उत्तर देतो, आणि तेवीस वेळा उत्तराचे बक्षीस म्हणून केलेला प्रवास वाया जातो. विचार करा, आपण काय केले असते? चौथ्या फेरीला शिवी हासडली असती, सातव्या फेरीला घरचा रस्ता धरला असता. हा राजा रागावत नाही. 'हे माझ्याच वाट्याला का' असे म्हणत नाही. झाडापाशी जातो, चढतो, उतरतो, खांद्यावर घेतो. पाश्चात्त्य कथांतला वीर राक्षस मारून मोठा होतो. हा वीर परत फिरून मोठा झाला. आणि याच पैठणात, याच गोदेच्या वाळवंटात, पुढे कोणी परतफेरीचा असाच पाठ घालून दिला? नाथांनी (१५३३–१५९९). स्नान करून येताना एक जण अंगावर थुंकतो. नाथ पुन्हा गोदेत उतरतात. तो पुन्हा थुंकतो. हे पुन्हा स्नानाला जातात. चरित्रकार आकडा एकशे आठ सांगतात. आकड्याला महत्त्व नाही. प्रत्येक वेळी वळताना चेहरा कसा होता, याला महत्त्व आहे.

वेताळाच्या गोष्टींतून काय मिळते? काही गोष्टी नुसत्या चतुराईच्या आहेत, त्यांच्यात मी शिरत नाही. दोन-तीन मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही.

अगदी पहिलीच गोष्ट पद्मावतीची. राजपुत्र, त्याचा मित्र प्रधानपुत्र, आणि पद्मावती. युक्तीने त्या मुलीवर खोटा आळ येतो, राजा कर्णोत्पल तिला नगराबाहेर काढतो, राजपुत्र तिला घेऊन जातो, आणि तिचे आईबाप दुःखाने मरतात. वेताळ विचारतो, त्या दोन मरणांचे पाप कोणाचे? त्रिविक्रमसेन उत्तर देतो: प्रेमात पडलेल्या दोघांचे नाही, मित्राचे काम करणाऱ्या प्रधानपुत्राचे नाही, पाप त्या राजाचे, ज्याने हेर पाठवून शोध न घेता, समोर आले ते तसेच खरे मानले. उत्तर बरोबर आहे. पण ज्ञानोबांच्या भाविकांनो, हे कोण बोलतो आहे? दहा वर्षे फळ न फोडणारा राजा! दुसऱ्याच्या गोष्टीत तो स्वतःचाच निवाडा सांगून बसला, आणि त्याला पत्ताही नाही. वेताळ हसून झाडावर गेला यात नवल काय? झिमर म्हणतो तो प्रेतातला आवाज म्हणजे राजाचाच आतला आवाज. या एका गोष्टीपुरते तरी ते मला पुरते पटले आहे.

सोळावी गोष्ट जीमूतवाहनाची. गरुडाच्या भक्ष्यासाठी शंखचूड नागाची पाळी आली होती. जीमूतवाहनाने त्याच्या जागी स्वतःला अर्पण केले. शंखचूडाला हे कळताच तो धावत गरुडामागे गेला आणि म्हणाला, तो नव्हे, मी! दोघांत थोर कोण? जग म्हणेल जीमूतवाहन. राजा म्हणतो, शंखचूड. जीमूतवाहनाला जन्मोजन्मीची परोपकाराची सवय. त्याचे त्यात नवल नाही. पण सुटका झालेली असताना, दुसऱ्याचा बळी जातो आहे हे पाहून आपण होऊन मरणाच्या मागे धावला, तो थोर. हे उत्तर वाचले की मला दर खेपेस दिंडीतली ती माणसे आठवतात, ज्यांचे नाव कोणत्याही पताकेवर नसते.

आणि विसावी गोष्ट फार कठोर. चंद्रावलोक राजावर ब्रह्मराक्षस कोपला आहे, आणि त्याने राजाच्या जागी बळी म्हणून सात वर्षांचा मुलगा मागितला. एका गरीब घरचा मुलगा स्वखुशीने तयार होतो. आई त्याचे हात धरते, बाप पाय धरतो, राजा तलवार उगारतो, समोर भूक लागलेले दैवत. आणि ते पोर मोठ्याने हसते. का? राजा उत्तर देतो: माणूस संकटात आईबापांना हाक मारतो, ते नसले तर राजाला, तोही नसला तर दैवताला. इथे सगळे हजर होते, आणि सगळे उलट्या बाजूने उभे होते, तेही नाशवंत देहासाठी. ते आश्चर्य पाहून पोर हसले. या गोष्टीवर मी अधिक भाष्य करीत नाही. वाचकाने ती एकदा एकट्याने वाचावी.

शेवटची, चोविसावी. राणी आणि तिची कन्या अरण्यातून पळून चालल्या आहेत. एक बाप आणि त्याचा मुलगा त्यांची पावले वाळूत पाहतात, आणि आधीच ठरवतात: मोठी पावले जिची ती बापाने वरायची, लहान पावले जिची ती मुलाने. भेटल्यावर पाहतात तर मोठी पावले मुलीची, लहान पावले आईची! शब्द दिलेला, तो पाळला. बापाने मुलगी वरली, मुलाने आई. दोघींना मुले झाली. वेताळ विचारतो, त्या मुलांचे एकमेकांशी नाते काय?

राजाने डोके खाजवले, आणि तो गप्प राहिला. उत्तर लपवले नाही. त्याला उत्तर नव्हतेच. म्हणून शापही लागला नाही आणि वेताळही सुटला नाही. राजा तसाच चालत राहिला, आणि इथेच वेताळ प्रसन्न झाला. तेवीस शहाण्या उत्तरांनी जे झाले नाही ते एका न येणाऱ्या उत्तराने झाले.

मनोवैद्य म्हणतील, बुद्धीचा अहंकार थकला. ते बरोबरच आहे. पण वारकऱ्याच्या कानाला या प्रश्नात आणखी काही ऐकू येते. नात्यांची नावे जिथे मोडतात, तो मुलूख आपल्या ओळखीचा आहे. कोवळ्या एकविसाव्या वर्षी समाधी घेतलेल्या ज्ञानदेवांना ऐंशी वर्षांचा म्हातारा 'माउली' म्हणतो. कटेवर हात ठेवून उभ्या पुरुषाला आपण 'विठाई' म्हणतो. वारीत आजोबा नातीच्या वयाच्या पोरीला म्हणतात, "माउली, जरा पाणी द्या." आता सांगा, कोणाचे कोणाशी नाते काय? राजा त्या ठिकाणी मुका झाला. संतांनी तिथेच सगळी नाती एका नावात ओतली.

आता ज्यासाठी हे सारे मांडले, त्या प्रसंगाकडे येतो. वेताळ म्हणाला, राजा, ज्याच्यासाठी तू राबतो आहेस तो भिक्षू तुझाच बळी देणार आहे. विद्याधरांचे आधिपत्य त्याला पाहिजे. पूजा झाल्यावर तो तुला साष्टांग नमस्कार घालायला सांगेल. तू मान खाली घातलीस की शस्त्र तुझ्या मानेवर. तेव्हा तू म्हण, मी राजा आहे, असा नमस्कार मला येत नाही. आधी आपण घालून दाखवा, मग मी तसा घालीन. तो आडवा झाला की त्याचे मस्तक तोड.

तसेच घडले. भिक्षूने लोटांगण घालून दाखवले, आणि तिथेच त्याचा शेवट झाला.

शिरच्छेदाचे राहू द्या, तो कथेचा आणि त्या काळचा भाग. वाक्य मात्र धरून ठेवा: 'आधी आपण घालून दाखवा.' क्षान्तिशील या नावाचा अर्थ काय? क्षमा हाच ज्याचा स्वभाव, तो! वेष विरक्ताचा, तोंडात गोड मौन, हातात रोज फळ, आणि दहा वर्षांचा धीर. खोट्या गुरूची ओळख वेषावरून पटत नाही, बोलण्यावरून पटत नाही, देण्यावरूनही पटत नाही, कारण तो रत्ने देतो. ओळख एका ठिकाणी पटते: दुसऱ्याला वाकवणारा स्वतः कोणापुढे वाकतो का? या भिक्षूला दहा वर्षांत कोणापुढे मान लववताना राजाने पाहिले नव्हते. आज गावोगाव मांडव पडतात, आसने चढतात, आणि पायांवर डोके ठेवायला रांगा लागतात. त्यांत कोणाच्या घरचे दागिने जातात, कोणाची जमीन जाते, कोणाच्या लेकीची अब्रू जाते. वर्तमानपत्रे आपण सगळेच वाचतो. भोळ्या माणसाला मी दोष देत नाही, नमस्कार हा त्याचा धर्मच आहे. पण आपल्या संप्रदायाने नमस्काराची जी रीत घालून दिली ती पुन्हा डोळ्यांपुढे आणा. वारकरी वारकऱ्याला भेटला की दोघेही वाकतात. याने त्याच्या पायाला हात लावायचा आणि त्याने याच्या. कीर्तनकाराला हार घालणारा कीर्तनकाराच्या पाया पडतो, आणि कीर्तनकार त्याच्या. लहान-मोठा, शिकलेला-अडाणी, त्यात फरक नाही. वेताळाने राजाला जे आयत्या वेळी, मानेशी शस्त्र आले असताना शिकवले, ते वारकऱ्याला लहानपणापासून वाळवंटात शिकवलेले असते. जिथे नमस्कार एकाच बाजूने वाहतो, तिथे आपल्या मनात शंका उठली पाहिजे. त्याला अश्रद्धा म्हणत नाहीत.

झिमर आणि युंग यांच्यापासून मी वेगळा होतो तो असा. त्यांच्या मते राजा, भिक्षू, वेताळ, प्रेत ही सगळी एकाच मनाची अंगे. राजाने आपली छाया ओळखली, आतला आवाज ऐकला, आणि तो पुरा झाला. आतल्या प्रवासाचा हा नकाशा चांगला आहे, तो नाकारू नये. पण युंग वैद्य होता. मनात देवाची जी प्रतिमा उमटते तिच्याविषयी तो बोले. मनापलीकडच्या देवाविषयी बोलणे हे आपले काम नव्हे असे तो म्हणे. ही त्याची सचोटी झाली. आपण त्याच नकाशाला मुक्काम समजलो तर चूक आपली. शिवाय भिक्षू हा नुसता मनातला भाग मानला, तर मानेवरचे खरे शस्त्र दिसेनासे होते. कपटी माणूस बाहेरही असतो. आणि आणखी एक: हा राजा रात्रभर एकटा होता. एकट्याच्या खांद्याला प्रेत फार जड होते. वारीची वाट लांब आहे, आळंदीहून पंढरीपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या घरात, पण तिथे पुढे-मागे टाळ वाजत असतो. त्या बाईंना मी हरिपाठाची वेळ सांगितली ती याच कारणाने. त्या वेळी घरात आणखी चार माणसे बसलेली असतात.

वेताळाने प्रसन्न होऊन वर माग म्हटले, तेव्हा राजाने राज्य मागितले नाही. त्याने मागितले, या चोवीस गोष्टी आणि ही पंचविसावी, शेवटाची, पृथ्वीवर प्रसिद्ध आणि पूज्य होवोत. पुढे शंकर प्रकट झाले, त्यांनी त्याला खड्ग दिले, आणि तू माझ्याच अंशाने निर्माण झालेला आहेस अशी खूण पटवली. सोमदेव सांगतो, एवढे होईतो रात्र सरली होती. राजा प्रतिष्ठान नगरात आला. तो सारा दिवस त्याने स्नान, दान, शिवपूजन आणि गाणे-बजावणे यांत घालवला, आणि रात्री काय घडले ते लोकांना हळूहळू कळत गेले.